सख्ख्या चुलत्याचा पेपर

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१८ जानेवारी

अभय, लेकरा,

तू जिथं बसून हे वाचशील तिथं माझा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज. माझे गुडघे गेले, बाकी मी झकास आहे.

पत्ता कुठून मिळाला म्हणून घाबरू नको. मागं दिवाळीला तू गुवाहाटीहून मला साडी धाडली होतीस, ती तुझ्या भावानं, बद्रीनं, पोस्टमनच्या हातूनच माघारी लावली. "त्याच्या हातचं काही घ्यायचं नाही," एवढंच बोलला अन् दार लावून घेतलं. पण पोस्टमन आधी चुकून समोरच्या पारूबाईकडं गेला होता, आणि पारूबाई कशी बाई आहे तुला ठाऊकच आहे. दुसऱ्याच्या पार्सलवरचं सगळं वाचल्याशिवाय तिला जेवण जात नाही. तिनं पत्ता उतरवून ठेवला. ह्या पाकिटावरचं इंग्रजी तिचंच. अक्षरं जरा इकडंतिकडं पडलीत, पण पोचेल म्हणते. साडीचा रंग कोणता होता तेवढं लिही. मला तीच एक चुटपुट लागून राहिलीय.

फोन कर म्हणशील. घर दोन खोल्यांचं, भिंती पातळ, आणि फोनवर मला आधी रडू येतं, मग बोलायचं राहून जातं. कागदावर बरं पडतं. चौथीपर्यंत शिकले तेवढं आता कामी येतंय.

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. मालननं कंगवे वाटले. ह्या सुनेला कोण सांगणार की आमच्या वयाच्या बायकांच्या डोक्यावर आता कंगव्यापुरते तरी केस राहिलेत का. पण सांगायचं ते हे नाही. बद्रीच्या प्रेरणाला शिकवणाऱ्या कालिंदी मॅडम आल्या होत्या. प्रेरणा आता पीएचडी करते. गणिताची. म्हणजे नुसतं गणित नाही, कॉम्प्युटरनं गणितं सोडवायचा प्रोग्राम लिहिते. गावभरचे पाण्याचे पाइप, त्यांचं जाळं, कुठून किती पाणी जाईल याचा हिशेब. आपल्याकडं पाण्याचा वार आला की सगळी गल्ली कामाला दांडी मारून बसते, तेव्हा पोरीनं विषय बरा धरला म्हणायचा. गणिताचं वेड तिला कुणी लावलं ते ह्या घरात कुणी बोलत नाही. तुला आणि मला ठाऊक आहे.

पण पोर सुकली रे. डोळ्याखाली काळं झालंय. लॅपटॉप असा घुमतो की मिक्सर चालू आहे वाटावं, आणि मग मध्येच गप होतो. गप झाला की तीही गप होते. बद्री म्हणतो अभ्यास आहे, होणारच. मला नाही तसं वाटत. अभ्यासानं थकलेलं माणूस जेवतं. ही ताटात रेघोट्या ओढते.

मॅडम स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, पोरगी हुशार आहे पण उलटी चालली. आधी लोकांनी काय करून ठेवलंय ते वाचायचं असतं, मग आपलं लिहायला घ्यायचं. हिनं आधी लिहिलं. प्रेरणा तिळगूळ घेऊन आली ती दारातूनच म्हणाली, "वाचलंय की मॅडम सगळं." मॅडम म्हणाल्या, "एक सोडून."

तिनं तोंड शेगडीकडं फिरवलं. एवढं सगळं वाचणारी पोर ते एकच कामून सोडते? तूही गणितातलाच आहेस, तुला कळत असेल म्हणून विचारते. जूनमध्ये तिची मुदत संपते.

तुझी
आई


उस्मानपुरा
२ फेब्रुवारी

अभय,

तुझं उत्तर नाही आलं. आसाम लांब आहे. पण मला आता धीर नाही, इतकी आनंदाची गोष्ट आहे.

परवा न्हाऊन उन्हात बसले होते. प्रेरणा माझे केस विंचरत होती. मी म्हणलं, बाई, तुझं ते पाण्याचं गणित मला एकदा समजावून सांग, मी काय अगदीच ढ नाही. तर ती म्हणाली, प्रत्येक चौकात एक गणित बसलेलं आहे असं समज. सगळी एकमेकींच्या गळ्यात गळा घालून. एक सोडवून बाजूला काढलं की त्याचा गुंता शेजारच्यांत जातो. कोणतं आधी उचलायचं, सगळी विद्या त्यात आहे. चुकीचं आधी उचललं तर गुंता वाढत वाढत लॅपटॉपचं डोकं भरून जातं. चार गल्ल्यांचं जाळं तिचा प्रोग्राम चट सोडवतो. अख्ख्या शहराचं दिलं की बसतो.

"आज्जी, तुझे केस मुळापासून विंचरायला घेतले तर काय करशील?"

"बोंब मारीन."

"मी दोन वर्षं मुळापासूनच विंचरतेय."

मी म्हणलं, मग टोकापासून कसं घ्यायचं ते कुणी लिहून ठेवलं नाही का? ठेवलंय म्हणाली. मग? तर तिचा हात थांबला. कंगवा माझ्या केसात तसाच. मग हळूच म्हणाली, "काकानं."

अभय, मी तशीच उठले. कंगवा डोक्यात लटकलेला, गुडघे विसरले. माझ्या पोराचं लिहिलेलं! म्हणाली, जगात कुठंही हे काम करायचं तर लोक पहिल्यांदा तोच पेपर उघडतात. सगळ्यांच्या पेपरांत मागं जी यादी असते, त्यात तू आहेसच. तुझं नाव छापलेलं, ए. टी. सुकाशे. टी म्हणजे तात्यासाहेब, हे मी तिला विचारून पक्कं केलं.

आणि तुझं अक्षर आठवतं का? मास्तर तुझी वही हातात घेऊन वर्गाला विचारायचे, ही कोणत्या जनावराची आहे. म्हणून शाळा उघडायच्या आधी बद्रीच तुझ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालायचा आणि नाव लिहायचा. आधी पट्टीनं पेन्सिलीची रेघ मारायची, मग तिच्यावर एकेक अक्षर उभं, काठीसारखं. स्वतःच्या पुस्तकांना कधी इतकं केलं नाही त्यानं. ते नाव आता जगभर गेलं. मी त्या दिवशी एक भाकर जास्त खाल्ली. मालन म्हणाली, आत्याबाई, आज काय विशेष? मी म्हणलं, ऊन लई छान पडलंय.

पण पुढचं ऐक. मी म्हणलं, अगं मग वाच की, घरचंच आहे. तर प्रेरणा म्हणाली, आजोबा गेले त्या आठवड्यात काका परदेशात हाच पेपर सगळ्यांपुढं वाचून दाखवत होता. पप्पा एकटे होते. अग्नी एकट्यानं दिला. हा पेपर नसता तर काका इथं असता. मी तो कशी उघडू? आणि पप्पा म्हणालेत, त्याच्या हातचं काही घ्यायचं नाही.

मी म्हणलं, अगं ते साडीबद्दल होतं.

"साडीबद्दल नव्हतं, आज्जी."

तिच्या मॅडमना हे ठाऊक नाही. त्यांना वाटतं पोरगी आळस करते, नाहीतर घमेंड आहे. तिनं तुझा पेपर टाळून बाकीचे सगळे वाचले, आणि ते सगळे म्हणे तुझ्याच पेपरावरून पुढं निघालेले. म्हणजे मधलं पान फाडून पोथी वाचल्यासारखं. फाडलेल्या पानावर काय असेल ते ती आपल्या डोक्यानं काढत बसलीय, दोन वर्षं झाली. अशी चूक दुसऱ्या कुणाच्या घरात होईल का रे? भावाभावांचं बिनसलं आणि हिचा कॉम्प्युटर बंद पडला.

केसांना तेल लावायचं राहिलं ते राहिलंच.

आई


उस्मानपुरा
२० फेब्रुवारी

अभय,

आज पाण्याचा वार होता, आलं नाही. उद्या येईल म्हणतात. पारूबाई म्हणते तिनं पत्त्यातला नंबर चुकवला असेल. मी म्हणलं, नाही, नंबर बरोबर आहे, त्याला फुरसत नसेल.

बद्रीच्या कंपनीत काम कमी झालंय, तो लवकर घरी येतो आणि टीव्हीपुढं बसतो, पण बघत नाही. प्रेरणा आतल्या खोलीत, तो बाहेरच्या. मधे मी, तांदूळ निवडते. दोघांचे उसासे ऐकून मला झोप येते. सगळं घर भर दुपारी थकल्यासारखं झालंय बघ.

एक विचारायचं होतं. तात्या गेल्याची बातमी तुला कळली तेव्हा तू काय करत होतास, हे मी तुला कधी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. जेवला होतास का, एवढंच.

आई


उस्मानपुरा
६ मार्च

अभय,

बस, आणि नीट वाच. पाणी पिऊन घे आधी.

काल प्रेरणाचं विद्यापीठात भाषण होतं. आजवर काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायचं, बाहेरून एक मोठे सर येतात, ते प्रश्न विचारतात, आणि त्यांना पटलं तरच पुढची मुदत. बद्री रजा काढून गेला. मी पण हट्ट धरला. मालन म्हणाली, आत्याबाई, तुम्हाला त्यातलं काय कळणार? मी म्हणलं, कीर्तनातलं तरी कुठं सगळं कळतं, जाऊन बसतोच ना. मग रिक्षानं गेलो. मी हिरवं इरकल नेसले होते. आम्हा दोघांना मागच्या बाकावर बसवलं.

प्रेरणा उभी राहिली. भिंतीवर पाइपांचं जाळं उजेडानं काढलेलं. मला वाटलं आपली गल्ली कुठं दिसते का. ती बोलत होती, मी बघत होते. गळ्याची हाडं वर आलीत तिची. पहिल्या बाकावर कालिंदी मॅडम हाताची घडी घालून.

ते सर म्हातारे होते, आवाज मऊ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, छान आहे, मेहनत दिसते, पण ही अडचण तर सुटलेली आहे. सुकाशेंचा पेपर तुम्ही वाचला नाही असं दिसतं. मग चष्मा काढून तिच्याकडं बघितलं आणि हसून म्हणाले, तुमचंही आडनाव तेच. तुमचे कोण लागतात?

मला वाटलं आता सांगेल. मी तर पदर सावरून बसले होते.

"कोणी नाही, सर."

मी उठायला लागले. गुडघ्यांनी दगा दिला, बाकाला धरून अर्धी उठले, तोवर माझ्या शेजारून आवाज आला. आधी मला कळलंच नाही कुणाचा. बद्री उभा होता. कंपनीतली टोपी हातात पिळत होता.

"चुलता आहे तिचा," म्हणाला. "सख्खा."

सगळे मागं वळले. प्रेरणाचा चेहरा असा झाला की मी तिकडं बघितलं नाही. मॅडमनी हाताची घडी सोडली. ते सर म्हणाले, "मग तर घरचंच आहे की." बद्री म्हणाला, "व्हय, घरचंच," आणि खाली बसला. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं काढला नाही.

नंतर सरांनी फारसं काही विचारलं नाही. आधी तो पेपर वाचा, मग तुमचं नवीन काय आहे ते दाखवा, जूनपर्यंत वेळ आहे, असं म्हणाले. समोसे दिले. मी दोन खाल्ले, खोटं कशाला बोलू.

घरी येईपर्यंत रिक्षावालाच आपला बोलत होता, रस्ता खोदलाय, पाइप टाकतायत, कधी संपणार. घरी आल्यावर प्रेरणानं बापापुढं उभं राहून म्हणलं, "तुम्हीच म्हणला होता त्याच्या हातचं घ्यायचं नाही."

बद्री म्हणाला, "साडी घ्यायची नाही म्हणलो. वाचायचं नाही असं कधी म्हणलो?"

"लिहिलेलं हातानंच लिहितात, पप्पा."

चपला काढायच्याही राहिल्या होत्या, तसाच खाटेवर बसला. मग म्हणाला, "मी त्याच्याशी बोलत नाही, त्याचं पाणी पीत नाही, ते माझं मी बघून घेईन. पण कोणी नाही असं म्हणायचं नाही. पाणी तोडायलासुद्धा आधी आपलं माणूस असावं लागतं."

हे मी जसंच्या तसं लिहिलंय, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. तू कसं घेशील ते तू घे. तो तुझ्यावर अजून रागावलेलाच आहे, तेही लिहून ठेवते. मी गोड करून सांगणार नाही. पण अभय, मला काल लई आनंद झाला. आनंदानंसुद्धा माणूस इतकं थकतं हे मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन आडवी पडले ती संध्याकाळपर्यंत.

आई


उस्मानपुरा
२७ मार्च

अभय,

वाचला तिनं. तुझा पेपर.

पहिल्या दिवशी वाचून रडली. मालन घाबरली. मला वाटलं आजोबांची आठवण आली असेल. तर म्हणाली, आज्जी, मी दोन वर्षांत जे केलं, ते काका दोन पानांत करून पुढं निघून गेलाय. तिनं जे मोठ्या कष्टानं काढलं होतं, तेच, आणि तुझं जास्त चांगलं. मी म्हणलं, मग वाया गेलं म्हणायचं का सगळं? तर म्हणाली, वाया नाही, पण दोन वर्षं मी कुलूप फोडत बसले होते आणि किल्ली खुंटीला होती. तिचं तिलाच मग हसू आलं. लई दिवसांनी. हसणंही दमलेलंच होतं, पण होतं.

दुसऱ्या दिवशी आपला जुना प्रोग्राम उघडून बसली आणि त्यातला निम्मा पुसून टाकला. मला वाईट वाटलं. वाटलं, एवढं लिहिलेलं असं कसं पुसवतं हिला. तिला म्हणलं, थोडं तरी ठेव. म्हणाली, नको, शिकायचं ते शिकून झालं. आता ती गणितं तुझ्या रीतीनं, टोकापासून उचलते. अख्खं शहर घातलं, लॅपटॉप घुमला, आणि गप झाला. मी म्हणलं, गेला. तर म्हणाली, नाही आज्जी, संपलं गणित. सुटलं. चहा उतू गेला तिकडं, कुणी बघितलं नाही.

आणि तिचं स्वतःचंही काहीतरी निघालंय. तुझ्या पेपरात शेवटी तू लिहिलंस म्हणे, की जाळं रोज बदलत असेल तर काय करायचं ते ह्यात नाही, पुढं कुणीतरी बघावं. आपल्याकडं तर जाळं रोजच बदलतं. आज ह्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडा, उद्या त्या. ते कुणीतरी म्हणजे ती. हे तिला तुझं वाचल्याशिवाय कसं कळणार होतं? कालिंदी मॅडम हे ऐकायला घरी आल्या. बद्रीनं त्यांना स्वतः चहा दिला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसला, पण दार उघडं ठेवलं.

आता कामाचं. एका जागी ती अडलीय. तू एक पायरी लिहून तिच्यापुढं "हे उघड आहे" असं लिहिलंस. ती दोन दिवस बसली, तिला काही उघड होईना. मॅडमनाही होईना. मला हसू आलं. लहानपणीही तू असाच. कणगीतले शेंगदाणे कुणी खाल्ले विचारलं की म्हणायचास, उघड आहे, उंदरानं. आता पोरीची मुदत जवळ आलीय. उंदीर कोणता ते लिहून पाठव.

ती ईमेल करत होती. मला म्हणाली, काकाच्या कॉलेजचा पत्ता आहे, आत्ता जाईल. लिहायला बसली आणि वर काय लिहावं तेच सुचेना. "काका" लिहिलं, पुसलं. "सर" लिहिलं, पुसलं. मग कागदावर लिहून माझ्याजवळ दिलं, म्हणाली, तुझ्या पत्रात घाल, आज्जी. ते सोबत आहे. त्यात वर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. तूच बघ.

माझ्या पत्रांना उत्तर दिलं नाहीस ते चालेल. मला सवय झालीय आणि लिहायलाही मजा येते. पण हिच्या कागदाला उत्तर दे. साडीचा रंगही लिहिलास तर बरं.

पारूबाई लेकीकडं दौलताबादला गेलीय, पाडव्यापर्यंत येत नाही. पत्त्यावाचून पाकीट आठवडाभर टीव्हीजवळ पडून होतं. मी कुणाला लिही म्हणलं नाही. काल बद्री कामावरून आला, हातपाय धुतले, चहा घेतला. पाकीट उचलून मागून पुढून बघितलं. कुणाला आहे, असं विचारलं नाही. पारूबाईचा पत्त्याचा कागद मी पुढं सरकवला. तो त्यानं वाचला. मग आत प्रेरणाला हाक मारून म्हणाला, "पट्टी दे गं जरा."

पाकीट फेकून दिलं असशील तर शोधून काढ. तुझ्या नावाखाली पेन्सिलीची रेघ आहे. ती त्यानं खोडली नाही, मीही खोडली नाही.

तुझी
आई